खपल्यांचा भाद्रपद

“हात काढा! सगळ्यांनी हात काढा तिच्या अंगावरून!”

हा आवाज माझा. पिंपळीत आमच्या दारात मी ओरडले, तेव्हा तिकडं पार लांब कोऱ्हाळ्यात म्हणे कुणाच्या तरी हातातून कपबशी निसटली. मी काही बघायला गेले नव्हते. पण सांगणाऱ्यावर उगाच अविश्वास कशाला दाखवायचा? दिवस पोळ्याचा होता. आमच्याकडं पोळा भाद्रपदाच्या अमावस्येला असतो. आणि दारात रेशमा उभी होती, उपचारासाठी आमच्याकडं आलेली घोडी. सकाळी मी पार्लर उघडायला गेले तेव्हा ती पांढरी होती. निदान जिथं जिथं केस शिल्लक होते तिथं पांढरी. दुपारी येऊन बघते तर मानेपासून शेपटीपर्यंत लाल गोल ठसे. तेलात कालवलेलं हुरमुंज, त्यात पेल्याचा काठ बुडवून उठवलेले. पाठीवर आरशांची झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. माझे सासरे, आबा, हातात हुरमुंजाची वाटी घेऊन दोन पावलं मागं सरून बघत होते, चित्रकार आपलं चित्र बघतो तसे. शेजारचे चार जण शेवटचे ठसे कुठं उठवावेत यावर मतं देत होते.

तीन आठवडे मी त्या कातडीला तेलाचा एक थेंब लागू दिला नव्हता.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे बाहेर पुन्हा तोच पाऊस लागलाय. आमच्या बाजूला पाऊस आषाढ-श्रावणात फक्त ढग पाठवतो, पाहुण्यांना निरोप पाठवावा तसे. खरा येतो तो परत जाताना, भाद्रपदात. आणि मग असा काही मुक्काम ठोकतो की उसाच्या सरीत मासे धरावेत. भिंती घाम सोडतात, मीठ बरणीत पाणी होतं, वाळत टाकलेलं पातळ चौथ्या दिवशीही ओलंच. लोकांना या दिवसांत धुपाचा, केवड्याचा, उकडीच्या मोदकांचा वास आठवतो. माझ्या नाकात मात्र एकच वास बसलाय: ओल्या खपलीचा. भिजलेलं गोणपाट, शिळं ताक आणि गंजलेलं लोखंड एकत्र करून झाकून ठेवलं तर जवळपास तसा वास येईल. करून बघू नका.

मी मूळची पार्लरवाली. एमआयडीसीच्या रस्त्याला माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. कारखान्यांतल्या बायका, पोरी पाळी सुटली की मोटारसायकलवरून येतात, हेल्मेटनं केस चपटे झालेले, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ. कातडी हाच माझा धंदा. गेल्या वीस वर्षांत माझ्या हाताखालून इतके चेहरे गेलेत की निवडणुकीला उभी राहिले तर नुसत्या भुवयांवर निवडून येईन. आणि या वीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: झाकता येईल का? चट्टा आहे, झाकता येईल का. भाजल्याचा डाग आहे, पुरळ आहे, काळं पडलंय, झाकता येईल का. हे कशानं झालं असेल हो, असं विचारणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मीही कधी विचारायला गेले नाही. झाकत गेले.

रेशमाची आणि माझी ओळखही झाकण्यातूनच झाली. इंदापूरच्या बाजूला एका पेरूवाल्या बागायतदाराच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. पहिलाच वाढदिवस, पण थाट असा की लग्नानं लाजावं. कार्यालय, बँड, फटाके आणि नातवाला बसवून मिरवायला घोडी. मी घरातल्या सगळ्या बायकांच्या मेकअपला गेले होते. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. इतक्यात खोलीच्या दारात एक गृहस्थ येऊन घुटमळले. डोक्याला फेटा, पायांत गमबूट, चेहरा रडवेला. ते दगडूतात्या, घोडीचे मालक. म्हणाले, पाहुणे घोडीच्या मानेवरचा डाग बघून नाकं मुरडायला लागलेत, बाळाला बसवणार नाही म्हणतात. तुमच्याकडं काही पांढरं असेल तर द्या.

मी गेले आणि अर्धा डबा पावडर, वर गोऱ्या नवरीसाठी ठेवलेला फाउंडेशनचा हात, असं करून घोडीचा डाग पाच मिनिटांत गायब केला. गर्दीतून कुणीतरी शाबासकी दिली. मी फुलले. घोडीचा मेकअप करणारी बारामती-इंदापूर पट्ट्यातली पहिली बाई मीच, असं त्या दिवशी मी निदान अकरा जणांना सांगितलं असेल.

मिरवणूक संपल्यावर तात्यांनी झूल काढली, आणि माझं फुलणं तिथंच थांबलं. झुलीखाली पाठ नव्हती, भिजलेली पापडी होती. केसांचे पुंजके खपल्यांसकट उभे, रंगात बुडवून वाळलेल्या कुंचल्यासारखे. एक खपली झुलीला चिकटून निघून आली, खाली गुलाबी, ओली कातडी, त्यावर पू. आणि सगळ्यावर काळपट तेलकट थर. तात्यांना विचारलं हे काय, तर म्हणाले, गाडीचं जळकं ऑईल. आमच्याकडं हा सर्व रोगांवरचा उपाय आहे. म्हशीला खरूज, बैलाला गोचीड, कुत्र्याला लूत, लाकडाला वाळवी, सगळ्याला जळकं ऑईल. मी जरा चिडून बोलले तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, गाडी चालते त्याच्यावर.

घोडीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर तिनं माझ्या पर्समधल्या बिस्किटाकडं बघितलं. पण मला वाटलं माझ्याकडं, आणि वाटण्यावरच माणूस फसतं. मी म्हणाले, आमच्या गोठ्यात आणून सोडा, बरी करून देते. तात्या दुसऱ्याच दिवशी टेंपो घेऊन दारात. “बरी झाली की नेतो,” म्हणाले. मी हो म्हणाले. या “हो”चा अर्थ मला पुढं कळायचा होता.

जनावरांचे डॉक्टर आले, मोटारसायकलवरून, रेनकोटातून पाणी गाळत. तपासून म्हणाले, ही पावसाळी खपल्यांची बाधा. सतत ओली पाठ, वर झूल, त्यावर तेल; आतल्या जंतूंना याहून चांगलं घर कुठं मिळणार? उपाय ऐकायला सोपा होता. कोमट पाण्यानं खपल्या मऊ करायच्या. ओढून काढायच्या नाहीत, आपणहून सुटतील तेवढ्याच घ्यायच्या. औषधाचा फेस लावून दहा मिनिटं थांबायचं, धुवायचं आणि मग कोरडं करायचं. पूर्ण कोरडं. तेल नाही, झूल नाही, पाऊस नाही. तिचा ब्रश, तिचं फडकं वेगळं. आणि जाताना हेल्मेट चढवत म्हणाले, “या खेपेला बरी होईल. पण हे दरसाल झालं तर जखम आत जाईल. मग पाठीवर केस येणार नाहीत, आणि पुढं पाठच राहणार नाही.”

सगळं पटलं. प्रश्न एवढाच की परतीच्या पावसात घोडी कोरडी कशी करायची? जिथं माणसाची बनियन वाळत नाही तिथं घोड्याची पाठ. शेवटी मी पार्लरमधला केस वाळवायचा ब्लोअर आणला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा रेशमानं जी उडी मारली ती पत्र्याला लागून परत आली. पत्र्याचा पोचा अजून आहे, दाखवते. आबांनी ब्लोअर आधी स्वतःच्या टकलावर फिरवून तिला दाखवला, की बघ, काही होत नाही. तिसऱ्या दिवशी ती डोळे मिटून उभी राहायला लागली. चौथ्या दिवशी खालचा ओठ लोंबवून झोपा काढायला लागली. रोज दोन तास मी घोडीला ब्लो-ड्राय देत होते. त्या काळात पिंपळीत विजेचा दाब कमी असायचा त्याला लोक महावितरणला बोल लावत होते. मी काही बोलले नाही.

घोडीची पाठ केवढी असते हे मला तेव्हा कळलं. लांबून बघताना वाटतं टेबलाएवढी. एकेक खपली मऊ करत चाललं की तो एकरभर प्लॉट होतो, त्याला बांध असतो, ओढा असतो, उतार असतो. एका बाजूनं संपवत आणावं तर दुसऱ्या बाजूला नवीन उगवलेल्या. रोज सकाळी मी नखांनी तपासायची, आणि रोज काल सुटलेल्या जागी काहीतरी चरचरीत हाताला लागायचं. खुरांच्या वर, घोट्यांना तर चिखलानं भेगा पडलेल्या. तिथं हात लावला की ती पाय उचलायची आणि मी देवाचं नाव घ्यायची.

त्यात गाव. गावातल्या प्रत्येक माणसाकडं औषध होतं. कडुलिंबाचा पाला, करंजाचं तेल, चुलीतली राख, आंबट ताक, तंबाखूचं पाणी. एक जण तर डाळिंबावर मारायची बुरशीची फवारणी पंपासकट घेऊन आले. म्हणाले, बुरशी ती बुरशी. कुणी म्हणालं नजर लागलीये. मी सगळ्यांना एकच सांगत होते, तिला काही लावू नका. लावणं बंद करणं हे औषध आहे, हे कुणाच्या गळी उतरेना. न लावण्याला आमच्याकडं कुणी उपचार म्हणत नाही, आळस म्हणतात.

आणि तरी तीन आठवड्यांत फरक पडला. खपल्या गेल्या, कातडी गुलाबीवरून राखाडी झाली, आणि मग एका सकाळी मानेवर, जिथं मी पावडर थापली होती बरोबर तिथं, बारीक पांढरी लव. जन्मलेल्या बाळाच्या कपाळावर असते तशी. मी तिथंच गोठ्यात बसकण मारली. वीस वर्षांत मी हजारो चेहरे उजळले असतील, पण ते रात्री पाण्यानं उतरायचे. हे उतरणारं नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी पोळा आला.

तर मी ओरडले. लोक पांगले. मी झूल ओढून काढली; आत वाफ धरलेली होती. हुरमुंज पुसायला घेतलं तर ते तेलातलं, निघेना. साबणानं घासलं तर रंगाबरोबर ती नवी लवही निघून आली, फडक्यावर चिकटून, लाल झालेली. त्या फडक्याकडं बघून मला जे काही बोलायचं होतं ते सगळं मी आबांना बोलले. सासऱ्यांना सून बोलत नाही इतकं बोलले. शिकलेली माणसं आणि न शिकलेली माणसं यांच्यावर एक व्याख्यानही दिलं, ज्याची मला आजही लाज वाटते. आबा वाटी हातात धरून ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, “धा वर्सं झाली दारात ट्रॅक्टर हाय. पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतो आमी. औंदा दारात जनावर हुतं, पोरी.”

आणि वाटी खाली ठेवून ते पाणी तापवायला गेले.

ती झूल त्यांच्या शेवटच्या खिलार जोडीतल्या बैलाची होती. ट्रंकेत कापूर घालून ठेवलेली. हे मला त्या संध्याकाळी सासूबाईंकडून कळलं. त्यानंतर मी रागावले कुणावर, हे मला नीट सांगता येणार नाही. घोडीवर प्रेम नसतं तर त्यांनी तिला हात लावला नसता, आणि हात लावला नसता तर ती बरी झाली असती. अशा हिशोबाला उत्तर नसतं. तात्यांचं जळकं ऑईलही तसंच. हा माणूस स्वतः जेवायच्या आधी घोडीला गुळाचा खडा देतो, तिच्याशी गप्पा मारतो, तिला ताप आला तर स्वतःची घोंगडी तिच्यावर घालतो. आणि तीच घोंगडी ओल्या पाठीवर तीन दिवस ठेवतो. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोमट पाणी, फेस, दहा मिनिटं, ब्लोअर. आता आबा कासरा धरून उभे राहायचे, घड्याळ बघत, आणि नऊ मिनिटांनी कुणी पाणी ओतायला लागलं तर त्याला झापायचे. मध्येच माझ्या मनगटावर एक लाल चट्टा उठला, रेशमाचा प्रसाद. पार्लरमध्ये बायका माझ्या हाताकडं बघून खुर्चीत आक्रसायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, ताई, झाकता नाही का येत? मी पंधरा दिवस हातमोजे घालून काम केलं, आणि आत्तापर्यंत ज्यांचे चट्टे मी हसत हसत झाकले होते त्या सगळ्याजणी मला रांगेनं आठवत राहिल्या.

कोजागरी उलटल्यावर तिच्या पाठीवर पुन्हा लव आली. दिवाळीला केस. दिवाळीनंतरच्या उन्हात तिला बाहेर बांधली की ती अशी चमकायची की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टरवाले वेग कमी करायचे. एकानं तर म्हणे गाडी बांधावर घातली.

तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर तात्या आले. लग्नसराई सुरू होणार होती. मी त्यांना बसवून चहा दिला आणि घोडी मागितली. विकत मागितली, मोफत मागितली, शेवटी नुसती रडून मागितली. ते म्हणाले, घर तिच्यावर चालतं, आणि ते खरं होतं. मग मी पावसात पाठ कोरडी ठेवायची, झुलीखाली सुती कापड टाकायचं, ऑईल लावायचं नाही, असं तासभर सांगितलं. तात्या प्रत्येक वाक्याला “व्हय व्हय” म्हणत होते. “व्हय व्हय” म्हणजे आमच्याकडं “ऐकलं” असा अर्थ होतो. “करीन” असा होत नाही. रेशमा टेंपोत चढली, आणि आबा दोन दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत.

पुढच्या भाद्रपदात टेंपो पुन्हा दारात होता. तीच घोडी, तीच पाठ, जखम मात्र थोडी खोल. पुन्हा तीच कथा, पोळ्याचा रंग वगळून. पुन्हा दिवाळीनंतर “नेतो”. तेव्हा मला माझ्या त्या “हो”चा अर्थ कळायला लागला. मी तिला बरी करत होते म्हणून ती पुन्हा झुलीखाली जात होती. ती झुलीखाली जात होती म्हणून पुन्हा माझ्याकडं येत होती. मी धुवत होते, ते भिजवत होते, आणि मध्ये उभी असलेली घोडी दर वर्षी कातडीचा एक थर हरत होती. वाढदिवसाच्या दिवशी मी पावडर थापून जे पाच मिनिटांत केलं होतं, तेच आता अडीच-अडीच महिने घालून करत होते. फरक एवढाच की आता मला शाबासकीही नको होती.

या वर्षी मी ठरवलं. बरी करायची, पण द्यायची नाही. पोलिसांत जाईन, कोर्टात जाईन, टेंपोसमोर आडवी पडेन. माझा आकार बघता टेंपोलाच विचार करावा लागेल. आठ दिवस मी पार्लरच्या आरशासमोर भाषणाची तयारी करत होते. गिऱ्हाइकं भुवया अर्धवट ठेवून ऐकत होती.

आज दुपारी, पावसाची झड चालू असताना, टेंपो आला. मागचं फळकूट खाली पडलं आणि रेशमा उतरली. या वेळी झूलच नव्हती. झूल घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोगिराच्या जागी हाताएवढी जखम, कडा काळ्या, मध्ये ओलं, आणि त्यावर माश्या. आजूबाजूच्या कातडीवर केस नव्हते आणि ते आता येतील असं दिसतही नव्हतं. ती सवयीनं सरळ गोठ्यात गेली आणि ब्लोअरच्या प्लगखाली जाऊन उभी राहिली. आबांनी चुलीवर पातेलं चढवलं.

माझं भाषण सगळं जागच्या जागी होतं. पण तिला तशी उभी राहिलेली बघून मी ते बाजूला ठेवलं. तात्या पावसात गमबुटांवरचा चिखल काठीनं काढत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

“तात्या, या खेपेला रेशमा परत मिळायची नाही.”

त्यांनी दुसऱ्या बुटाचा चिखल काढला. काठी टेंपोत टाकली. मग गोठ्याकडं एकदा बघितलं.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “दुसरी घेतलीया मी. तिला अजून काय झालं न्हाय.”